दाढीनंतर विच हेझेल: किती, कधी आणि कशानंतर

पंधरा-सोळा वर्षं माझा एकच शिरस्ता होता. दाढी झाली की तळहातावर आफ्टरशेव्ह ओतायचं, दोन्ही हात चोळायचे आणि श्वास रोखून गालांवर थापायचं. जी आग व्हायची तीच पावती समजायचो. झोंबलं म्हणजे काम झालं! दुपारपर्यंत मान लालबुंद व्हायची, कॉलर घासली की चुरचुरायची आणि संध्याकाळी जबड्याखाली बारीक पुटकुळ्यांची रांग उठलेली असायची. दोष मी कधी ब्लेडला दिला, कधी उकाड्याला. त्या बाटलीवर मात्र संशय आला नाही.

तो आला मुलामुळे. त्याची तिसरी की चौथी दाढी असेल. माझंच आफ्टरशेव्ह लावून तो न्हाणीघरात नाचत होता. "बाबा, हे एवढं जळतं तर लावायचं कशाला?" मी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की माझ्याकडे उत्तर नाहीच. मला ते माझ्या वडिलांनी दिलं होतं, एवढंच.

आग का होते याचं कारण नंतर वाचलं. त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर उष्णता ओळखणारे रिसेप्टर असतात. तापमान साधारण ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की ते 'भाजतंय' असं मेंदूला कळवतात. अल्कोहोल लागलं की हा उंबरठा ३४ अंशांच्या आसपास उतरतो. म्हणजे आपल्याच अंगाची ऊब आपल्याला चटक्यासारखी लागते. ताज्या दाढीवर वरचा थर जिथे जिथे खरवडला गेलेला असतो, तिथे अल्कोहोल थेट आत पोचतं. त्या आगीचा आणि त्वचा बरी होण्याचा संबंध नाही.

मग मी विच हेझेलकडे वळलो. आज पाच-सहा वर्षं वापरतोय, त्यामुळे कौतुक आणि तक्रार दोन्ही करण्याइतका अनुभव आहे.

आधी हे काय आहे ते. विच हेझेल हे उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातलं झुडूप, शास्त्रीय नाव हॅमामेलिस व्हर्जिनियाना. नावातल्या 'विच'चा चेटकिणीशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत लवचिक, वाकणाऱ्या फांदीसाठी जो शब्द होता, त्याचं हे रूप. झुडूप मोठं विक्षिप्त आहे. बाकीची झाडं पानं गाळून निजायच्या तयारीत असतात, तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरात याला पिवळी, कागदाच्या चुरगळलेल्या पट्ट्यांसारखी फुलं येतात. बोंडं पिकली की फट्कन उकलतात आणि बिया काही मीटर लांब उडवतात. तिथले मूळ रहिवासी याची साल आणि डहाळ्या उकळून सूज, खरचटणं यांवर वापरत. १८४६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या थेरॉन पॉन्ड नावाच्या औषधविक्रेत्याने त्याचा अर्क बाजारात आणला. हो, तेच पॉन्ड्स. क्रीम पुढे आलं, मूळ धंदा विच हेझेलचा. आजही या अर्काचं मोठं उत्पादन शेजारच्याच कनेक्टिकट राज्यात होतं.

आता कामाची गोष्ट. विच हेझेलला ॲस्ट्रिंजंट म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत तुरट. बिनदुधाचा काळा चहा फार वेळ मुरला की जीभ आखडल्यासारखी होते ना, तोच गुण. तुरटीला तुरटी म्हणतात तेही यावरूनच. झाडाच्या सालीत आणि पानांत टॅनिन असतं. ते त्वचेवरच्या प्रथिनांना बिलगतं, वरचा थर किंचित आवळला जातो आणि बारीक ओरखड्यातून पाझरणारा ओलावा थांबतो.

पण इथे एक मेख आहे. बाजारात मिळणारं बहुतेक विच हेझेल हे डिस्टिलेट असतं. डहाळ्यांचे तुकडे करून त्यांतून वाफ नेतात, ती गार करतात आणि जे पाणी मिळतं त्यात टिकण्यासाठी अल्कोहोल घालतात. टॅनिन काही वाफेबरोबर उडत नाही, ते मागे भांड्यातच राहतं. म्हणजे सगळी जाहिरात ज्या टॅनिनवर चालते, ते त्या पारदर्शक पाण्यात जवळजवळ नसतंच. मग उरतं काय? झाडाचे थोडे सुगंधी घटक, पाणी आणि साधारण १४ टक्के अल्कोहोल. आवळल्यासारखं जे वाटतं, त्यात त्या अल्कोहोलचा आणि गारव्याचा मोठा वाटा आहे. टॅनिन हवं असेल तर सालीचा किंवा पानांचा एक्स्ट्रॅक्ट असलेलं घ्यावं लागतं. ते सहसा किंचित पिवळट-तपकिरी दिसतं.

हे कळल्यावर मला पहिल्यांदा फसवल्यासारखं वाटलं. मग विचार केला, की तरी माझी मान पूर्वीपेक्षा बरी आहे. मी जे बंद केलं, त्याचाही हा परिणाम असणार.

त्यामुळे विकत घेताना बाटलीचा पुढचा भाग बघू नका, मागचा वाचा. 'हॅमामेलिस व्हर्जिनियाना वॉटर' असेल तर ते डिस्टिलेट. 'बार्क', 'लीफ' किंवा 'ट्विग एक्स्ट्रॅक्ट' असेल तर घटक कसा काढलाय त्यावर टॅनिन असण्याची शक्यता जास्त. औषधी वर्गातल्या साध्या बाटलीवर बहुतेकदा ८६ टक्के विच हेझेल आणि १४ टक्के अल्कोहोल असं लिहिलेलं असतं. ती वाईट नव्हे. तेलकट, जाड त्वचेला, पुटकुळ्या न उठणाऱ्या माणसाला ती चालून जाते. ज्यांची मान माझ्यासारखी नाजूक आहे, त्यांनी अल्कोहोलविरहित घ्यावं. त्यात बऱ्याचदा ग्लिसरीन किंवा कोरफड असते, म्हणजे कोरडेपणाही कमी.

आणि सुगंध नको. यात मी पोळलोय. पहिल्या वर्षी गुलाबाचा वास असलेली एक बाटली आणली. महिनाभर मजेत गेलं. नंतर कानाखाली, कल्ल्याच्या रेषेवर खाजरे चट्टे उठले आणि मी खुशाल त्यांच्यावर आणखी विच हेझेल लावत राहिलो, कारण मला वाटलं ते शांत करेल! त्वचेच्या डॉक्टरांनी बाटली हातात घेतली, मागची यादी वाचली आणि बोट ठेवलं, लिनालूल आणि लिमोनीन. हे वासाचे घटक हवेशी संयोग पावून जुने झाले, की काहींच्या त्वचेला ॲलर्जी आणतात. बाटली उघडून जितके दिवस होतात, तितका धोका वाढतो. म्हणून माझी सुरुवात ठीक झाली आणि पुढे बिघडलं.

तेव्हापासून नवी बाटली आणली की आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून बघतो. कंटाळवाणं आहे. पण चेहऱ्यावर चट्टे घेऊन लोकांना कारणं सांगत फिरणं त्याहून कंटाळवाणं.

आता दाढी. सगळी मूठभर अक्कल इथे लागते, कारण खराब दाढी कुठल्याही पाण्याने दुरुस्त होत नाही. मी आंघोळीनंतर दाढी करतो. केस ओले होऊन फुगले की मऊ पडतात आणि ब्लेडला जोर लागत नाही. मानेवर बोटं फिरवून बघा, केस कुठे खाली जातात, कुठे आडवे, कुठे चक्क वर. माझ्या गळ्याच्या डाव्या बाजूला केस कानाकडे तिरके वाढतात, आणि ही गोष्ट मला चाळिशीत कळली! त्याआधी मी तिथे सरळ खालून वर ब्लेड ओढायचो आणि पुटकुळ्या नेमक्या तिथेच यायच्या. आता पहिला हात केसांच्या दिशेने, दुसरा आडवा. उलटा हात मारत नाही. बोटाला थोडे खुंट लागतात, लागू देत. ब्लेड पाच-सहा दाढ्यांनंतर बदलतो, किंवा त्याआधीच ओढल्यासारखं वाटलं की.

दाढी झाल्यावर चेहरा कोमट पाण्याने नीट धुवायचा. कानाच्या पाळीखाली आणि हनुवटीच्या खाली फेस राहतो, तो बोटांनी चोळून काढा. दाढीचा साबण अल्कधर्मी असतो, त्याचा सामू ९-१०च्या घरात. त्वचेचा मात्र ५च्या आसपास. साबण चेहऱ्यावर राहिला तर मागून लावलेलं काहीही चुरचुरतं आणि शिव्या विच हेझेलला बसतात. त्यानंतर गार पाण्याचे आठ-दहा हबके. खरं सांगायचं तर अर्धी लाली इथेच उतरते.

तुरटीचा खडा वापरत असाल तर आत्ता. ओल्या चेहऱ्यावर हलका फिरवा, अर्धा मिनिट थांबा आणि धुऊन टाका. ती न धुता वर विच हेझेल लावलं तर कातडी दुहेरी आवळते आणि ओठांच्या कोपऱ्यांना हसताना ताण बसतो. मी दोन्ही एका दिवशी वापरत नाही. कुठे कापलं असेल तर मात्र तुरटीच, किंवा रक्त थांबवायची स्टिप्टिक पेन्सिल. वाहत्या रक्तावर विच हेझेल ओतून काही होत नाही, नुसतं गुलाबी पाणी गळ्यावरून बनियनपर्यंत जातं.

मग टॉवेल. पुसायचं नाही, टिपायचं. टॉवेल गालावर ठेवा, दाबा, उचला. चेहरा पूर्ण कोरडा करू नका. बोट लावलं तर दमट लागलं पाहिजे, पण पाणी ओघळता कामा नये. पाणी ओघळत असेल तर विच हेझेल पातळ होऊन गळून जातं.

आता प्रत्यक्ष लावणं. सुरुवातीला मी कापसावर घ्यायचो. कापूस खुंटांत अडकतो आणि हनुवटीवर पांढरी लव राहते. त्याच अवतारात मी एकदा मीटिंगला जाऊन बसलो आणि समोरचा माणूस पूर्ण वेळ माझ्या हनुवटीशी बोलत होता. शिवाय अर्धं द्रव्य कापूसच पितो आणि आपण नकळत घासतो. ताज्या दाढीवर घासणं म्हणजे पुन्हा एक हात मारल्यासारखंच. म्हणून हात. हात धुतलेले हवेत.

डावा तळहात थोडा खोलगट करा आणि मधल्या खळग्यात रुपयाएवढं थेंबाथेंबाने घ्या. साधारण अर्धा चमचा पुरतो, पूर्ण चेहऱ्याला आणि मानेला. दुसऱ्या हाताच्या चार बोटांची टोकं त्यात बुडवा आणि आधी मानेला लावा, कारण सगळ्यात जास्त मार तिथे बसलेला असतो आणि उरलंसुरलं तिच्या वाट्याला यायला नको. बोटं चपटी ठेवून दाबायचं, जसं ओल्या पाकिटावर तिकीट चिकटवतो तसं. मग जबड्याची कड, मग हनुवटी, मग वरचा ओठ. गाल शेवटी. हात कोरडे होत आले की जे राहिलं ते दोन्ही तळहातांनी गालांवर हलकं थोपटा. डोळ्यांपासून आणि ओठांच्या ओल्या भागापासून लांब.

थोडं चुरचुरणं चालेल, पाच-दहा सेकंदांचं. त्यापुढे आग चालू राहिली तर पाण्याने धुवा, आणि उद्याच्या दाढीत हात हलका ठेवा. मी याचा उपयोग आता थर्मामीटरसारखा करतो. कुठे झोंबलं ते बघतो. तिथे ब्लेड जास्त वेळा फिरलेलं असतं. जवळजवळ दर वेळी तो डाव्या गळ्याचाच तुकडा असतो.

यानंतर मिनिटभर थांबायचं, फार तर दोन. चेहऱ्यावरची चकाकी जाऊन तो मंद दिसायला लागला, पण बोटाला अजून ओल लागतेय, तेवढ्यात मॉइश्चरायझर. ही पायरी बहुतेक पुरुष गाळतात आणि मग म्हणतात, विच हेझेलने त्वचा कोरडी पडते. पडणारच! आवळून ओलावा उडवणाऱ्या गोष्टीला शेवटची पायरी केलीत तर दुसरं काय होणार? ग्लिसरीन असलेलं, बिनवासाचं, साधं लोशन पुरे. वाटाण्याच्या दोन दाण्यांएवढं. घट्ट तेल मी मानेवर लावत नाही, मला त्याने दाणे येतात. सकाळी दाढी करून उन्हात जायचं असेल तर त्यावर सनस्क्रीन, ३० किंवा जास्त एसपीएफचं. ताज्या दाढीवर काही सनस्क्रीन झोंबतात, झिंक ऑक्साइडवालं कमी झोंबतं. मी यावर काढलेला तोडगा म्हणजे रात्री दाढी करणं. सकाळपर्यंत सगळं निवलेलं असतं आणि घाई नसल्यामुळे हातही सैल राहतो.

एकदा हट्टाने प्रयोग केला. दोन आठवडे डाव्या बाजूला विच हेझेल, उजव्या बाजूला फक्त गार पाणी, मॉइश्चरायझर दोन्हीकडे सारखं. दहा मिनिटांनी आरशात डावी बाजू कमी लाल दिसायची, हे घरच्यांनीही न सांगता ओळखलं. दोन-तीन तासांनी काही फरक उरत नव्हता. पुटकुळ्या दोन्हीकडे सारख्याच, म्हणजे जवळजवळ नाहीत. मग आणखी एक आठवडा दोन्हीकडचं मॉइश्चरायझर बंद केलं. तेव्हा मात्र डावा गाल संध्याकाळपर्यंत ताणलेल्या कागदासारखा आणि नाकपुडीच्या कडेला बारीक पापुद्रे. एका माणसाच्या चेहऱ्यावरचा प्रयोग आहे, त्याला तेवढंच महत्त्व द्या. माझ्यापुरतं मी असं ठरवलं, की विच हेझेल पहिल्या तासाभराच्या लालीसाठी. पुटकुळ्यांचा बंदोबस्त ब्लेडने करायचा, कोरडेपणाचा मॉइश्चरायझरने.

अमेरिकेच्या औषध नियामकांच्या नियमांत विच हेझेलला किरकोळ ओरखडे, छोट्या जखमा आणि कीटक चावल्याची चुरचुर यांसाठी तुरट द्रव्य म्हणून मान्यता आहे. तेवढीच त्याची मजल. ते जंतुनाशक म्हणून वापरायचं नाही. कुरळ्या केसांचं टोक वळून परत त्वचेत घुसतं आणि जे दुखरे, कडक दाणे होतात, त्यांवरही ते उपाय नाही. तिथे काही आठवडे दाढी वाढू देणं किंवा ट्रिमरने मिलिमीटरभर खुंट राखणं जास्त कामाला येतं. दाण्यात पू धरला किंवा डाग राहायला लागले तर डॉक्टर. इसब किंवा रोझेशिया (चेहरा वारंवार लाल होणारा त्वचेचा विकार) असेल तर अल्कोहोलवाल्या बाटलीला हातही लावू नका, बिनअल्कोहोलचं लावायचं तरी आधी विचारून.

घरी साल उकळून काढा करायचा मोह काहींना होतो. टॅनिन मिळेल हे खरं, पण त्यात टिकवणारं काहीच नसतं. दोन दिवसांत तो बिघडतो, आणि तोच आपण उघड्या ओरखड्यांवर लावणार. नकोच. विकतची बाटलीही झाकण घट्ट लावून, उन्हापासून लांब ठेवा. बिनअल्कोहोलची असेल तर उघडल्याची तारीख पेनाने बुडाशी लिहा. वास बदलला, ढगाळ दिसली, तळाशी गाळ आला तर बेसिनमध्ये ओता. मी ती फ्रीजच्या दारात ठेवतो. गारव्याने लाली लवकर बसते, यात झाडाचं श्रेय थोडं आणि फ्रीजचं जास्त. फक्त बाटलीवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा, कारण फ्रीजमधलं पारदर्शक पाणी कुणीही पिऊ शकतं.

मुलाला मी हे सगळं शिकवलं, अगदी तळहाताच्या खळग्यापासून. त्याने महिनाभर इमानेइतबारे केलं. मग एक दिवस म्हणाला, "बाबा, मी न लावताही काही होत नाही." मान बघितली, खरंच काही नव्हतं. त्याचे केस मऊ आहेत, आठवड्यातून दोनदा दाढी करतो आणि उलटा हात मारत नाही. आता तो गार पाणी आणि लोशन, एवढ्यावरच भागवतो. बाटली मला दुप्पट दिवस पुरते.